पाळकसाहेबांनी मन मोकळं कुणापाशी करायचं?

ताई, सलाम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून, ओळख पटेल असं सगळं गाळून, थोडक्यात सांगते. नाशिकजवळच्या एका मंडळीत तुमचे यजमान पाळक आहेत, वय पंचेचाळिशीच्या पुढे. चार-पाच महिन्यांपासून त्यांना पहाटे तीनला जाग येते, ती पुन्हा डोळा लागत नाही. शनिवारी रात्री उपदेशाची तयारी करताना रडू कोसळतं, आणि रविवारी सकाळी तेच हसतमुखाने वेदीपुढे उभे असतात. कमिटीत हिशोबावरून दोन तट पडलेत. बारावीतला मुलगा चर्चला यायला नाही म्हणतो. तुम्ही धीर करून एका ज्येष्ठ पाळकांपाशी बोललात. त्यांनी प्रार्थना वाढवायला सांगितलं, आणि पंधरा दिवसांत दुसऱ्याच मंडळीतल्या एका बाईंनी "साहेबांची तब्येत कशी आहे आता?" म्हणून तुम्हालाच विचारलं. तुमचे प्रश्न तीन: समुपदेशकाकडे जाणं म्हणजे विश्वास कमी पडणं का, जायचं तर कुणाकडे, आणि गेलेलं बाहेर फुटणार नाही ना.

तिसऱ्या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे. पाळकांच्या घरांबरोबर इतकी वर्षं काम करताना मला दिसलं आहे की मदत मिळत नाही म्हणून फार थोडे अडतात. बहुतेक अडतात ते कुणाला सांगायचं, इथे. पण आधी तातडीचं.

पहाटेची जाग, रोजचं रडू, आणि हे चार-पाच महिने. याला नुसता थकवा म्हणून सोडून देऊ नका. कामाने पिचून जाणं, ज्याला हल्ली सगळे बर्नआउट म्हणतात, ते वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची व्याख्या कामाशी जोडलेली अवस्था अशी केली, त्याला आजार म्हटलेलं नाही. त्यात माणूस रिता होतो, कामाबद्दल तुसडा होतो, आणि आपल्या हातून काही घडत नाही असं त्याला वाटू लागतं. असा माणूस आठ दिवस बहिणीकडे मनमाडला जाऊन आला की निदान तेवढे दिवस तरी हसतो-खातो. नैराश्यात मनमाडलाही तीच पहाट होते. उदासी किंवा कशातच रस नसणं, त्याच्या जोडीला झोप-भूक बिघडणं, स्वतःला दोष देत राहणं, हे सलग दोन आठवडे जवळजवळ रोज असेल तर डॉक्टर नैराश्याचा विचार करतात. तुमच्याकडे दोन आठवडे कधीच उलटून गेलेत.

म्हणून पहिली पायरी समुपदेशक नव्हे, डॉक्टर. नेहमीच्या फिजिशियनकडून थायरॉईड, बी-बारा, साखर आणि रक्तदाब तपासून घ्या, कारण थायरॉईड मंदावला तरी माणूस असाच खचलेला दिसतो. मग मानसोपचारतज्ज्ञ. ते बहुधा नऊ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली देतील, पीएचक्यू-९ म्हणतात तिला, आणि ती मराठीतही आहे. तिचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल असतो. तो प्रश्न तुम्ही आज रात्रीच त्यांना स्वतः विचारा, सरळ शब्दांत: "जगू नये असं वाटतं का?" विचारल्याने डोक्यात नसलेलं काही शिरत नाही. उलट बहुतेकांना सुटल्यासारखं होतं. उत्तर हो आलं तर त्यांना एकटं ठेवू नका, घरातली कीटकनाशकं आणि गोळ्यांचा साठा हाताआड करा, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अवेळ असेल तर त्र्यंबक रोडचं सिव्हिल हॉस्पिटल किंवा ११२. टेली-मानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत. पोलीस केस होईल या धास्तीने घरं गप्प बसतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याला शिक्षा होत नाही.

औषधांबद्दल एवढंच, की नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरं वाटल्यावरही त्या बरेच महिने चालू ठेवायच्या असतात. त्यांची नशेसारखी चटक लागत नाही. झोपेच्या काही गोळ्यांची मात्र सवय लागू शकते, म्हणून त्या डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस. आणि उपास-प्रार्थनेच्या सप्ताहात कुणी डोक्यावर हात ठेवून "आता गोळ्या बंद करा" म्हणालं, तर प्रार्थना घ्या आणि गोळ्या चालू ठेवा.

विश्वासाचा प्रश्न मी थोडक्यात उरकते, कारण मला तो खरा प्रश्न वाटत नाही. बायबलमधलं १ राजे, अध्याय १९ काढा. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवून आलेला एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला बोल लावत नाही. झोपू देतो, भाकर-पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला घालतो. देवाशी बोलणं होतं ते चाळीस दिवस चालून होरेब डोंगराला पोचल्यावर. कमिटीतल्या कुणी विश्वासाचा मुद्दा काढलाच तर हा अध्याय वाचायला सांगा आणि वाद घालू नका.

आता कुणाकडे जायचं. माझं मत ठाम आहे: ज्याच्या हातात तुमच्या बदलीचा, पगाराचा किंवा राहत्या बंगल्याचा निर्णय आहे, त्याच्यापाशी समुपदेशन होऊ शकत नाही. तो माणूस कितीही प्रेमळ असो. बिशपसाहेब खरोखर मेंढपाळाच्या मनाचे असतील, पण एप्रिलमध्ये बदल्यांची यादी करताना "हे सध्या खचलेत" ही गोष्ट त्यांनी विसरायची कशी? आणि हे तुमच्या यजमानांना ठाऊक असतं, म्हणून ते बिशपसाहेबांसमोर अर्धंच बोलतात. अर्ध्या बोलण्यावर दिलेला सल्ला कितीही चांगला असला तरी त्या अर्ध्यालाच लागू पडतो. ज्येष्ठ पाळक, सेक्रेटरी, ज्यांनी तुमचं लग्न लावलं ते साहेब, सगळ्यांना हेच लागू. त्यांची गरज आहे. पाठीवर हात ठेवायला, रविवारचा उपदेश सांभाळायला, कमिटीशी बोलायला. मन उघडं करायला नाही.

कॅथलिक चर्चने हे नियमातच लिहून ठेवलंय. १९८३ च्या कॅनन लॉप्रमाणे, म्हणजे त्यांच्या चर्चच्या कायद्याप्रमाणे, सेमिनरीत फादर व्हायला शिकणाऱ्या मुलाला दीक्षा द्यायची की घरी पाठवायचं, हे ठरवताना त्याच्या आध्यात्मिक मार्गदर्शकाचं किंवा पापकबुली ऐकणाऱ्या फादरांचं मत विचारायचंच नाही (कॅनन २४०). संन्यस्तांच्या सुपीरियरने, म्हणजे मठाच्या प्रमुखाने, हाताखालच्यांना अंतःकरण उघडं करायला कोणत्याही प्रकारे भाग पाडायचं नाही (कॅनन ६३०). ऐकणारा आणि ठरवणारा वेगळा, इतकं हे साधं आहे. आपल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत असा लेखी नियम माझ्या तरी पाहण्यात नाही, सगळं माणसाच्या भलेपणावर सोडलेलं असतं. भलेपणा असतोही. पण तुमची गोष्ट पंधरा दिवसांत फिरली, आणि ती कुणी दुष्टपणाने फिरवली नसणार. "त्यांच्यासाठी प्रार्थना करा हं, कुणाला सांगू नका" असं म्हणूनच ती गेली असेल. आपल्याकडे चहाडीला प्रार्थना-विनंतीचा वेश फार सहज चढतो, आणि आता तर प्रत्येक मंडळीचा प्रार्थनेचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे.

त्यात हे नाशिक. शरणपूरची ख्रिस्ती वसाहत १८५४ ची. तेव्हापासूनच्या पिढ्या एकमेकांत सोयरिकी करत आल्यात, आणि त्या सोयरिकी मनमाड, मालेगाव, संगमनेर, राहुरी, नगरपर्यंत पसरल्यात. दोन माणसं सोडून तिसरा आपल्या ओळखीचा निघतोच. लग्नाच्या वेळी ही सोय वाटते, अशा वेळी जाच होतो. म्हणून काही अगदी व्यवहाराच्या गोष्टी सांगते, हसू नका.

शरणपूर रोड आणि कॅनडा कॉर्नरच्या बाजूला दवाखाने भरपूर आहेत, पण तुमच्या ओळखीची माणसंही तिथूनच ये-जा करतात. नाशिक रोड, इंदिरानगर, सिडको, जिथे तुम्हाला कुणी हाक मारणार नाही तिथलं पाहा. व्हिडिओ कॉलवर बोलणार असाल तर चर्चच्या आवारातल्या बंगल्यातून नको. तिथे शिपाई, माळी, दुपारी सहज डोकावणाऱ्या मावश्या, सगळ्यांना कान असतात. गाडी गंगापूर रोडला कुठेतरी उभी करून आत बसून बोलणारे साहेब मला माहीत आहेत, आणि ते छान चालतं. गोळ्या मंडळीतल्या सभासदाच्या मेडिकलमधून घेऊ नका. तुमचा सल्लागार तुमच्या मंडळीचा सभासद नसावा, तुमच्या कुणाचा नातेवाईक नसावा, आणि त्याचं लग्न किंवा त्याच्या मुलांचा बाप्तिस्मा तुमच्या यजमानांनी केलेला नसावा. बरा समुपदेशक असेल तर हे ऐकून तो स्वतःच दुसरं नाव सुचवेल.

ख्रिस्ती नसलेला सल्लागार चालेल का, असं तुम्ही कंसात विचारलंय. चालेल. त्याला कमिटी म्हणजे काय, बदली कशी होते, झावळ्यांच्या रविवारपासून ईस्टरपर्यंत पाळकाची काय धावपळ असते, हे सांगायला पहिल्या भेटीतली दहा मिनिटं जातील. ती जाऊ द्या. धर्माची टिंगल करणारा किंवा "हे चर्चचं काम सोडूनच द्या" असं पहिल्याच दिवशी सांगणारा मिळाला तर बदला. तसाच प्रत्येक भेट वचन वाचून संपवणारा आणि झोपेची चौकशीही न करणारा ख्रिस्ती सल्लागार मिळाला तरी बदला. तुमचे यजमान वचन दिवसभर वाचतातच.

पाटीवर विश्वास ठेवू नका. "समुपदेशक" ही पाटी आठवडाभराचा कोर्स केलेला माणूसही लावतो. मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर त्या विषयात शिकलेला डॉक्टर असतो, औषध तोच देतो, आणि त्याची नोंदणी वैद्यकीय परिषदेकडे असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नुसतं समुपदेशन करणाऱ्याकडे मानसशास्त्राची एमए आणि कुणाच्या तरी देखरेखीखाली केलेलं काम असावं. फोनवर विचारायला लाजू नका: शिक्षण काय, फी किती, नोंदी कुठे ठेवता, आणि मी इथे येतो हे कुणाला कळू शकतं?

त्या शेवटच्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर "कुणालाच नाही" असं नसतं. २०१७ च्याच कायद्यातलं कलम २३ उपचार करणाऱ्यांवर गुप्ततेचं बंधन घालतं, आणि त्याला मोजके अपवादही आहेत: कुणाच्या जिवाला किंवा शरीराला धोका असेल, न्यायालयाने मागितलं असेल, असे. शिवाय लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार ते पोलिसांना कळवणं भाग आहे. हे समुपदेशकाला जसं लागू, तसं तुमच्या यजमानांनाही, उद्या मंडळीतलं कुणी त्यांच्याकडे असं काही घेऊन आलं तर. "चर्चची बदनामी होईल" हे तिथे कारण चालत नाही. बिशपसाहेब, कमिटी किंवा "आम्ही फी भरतोय म्हणून अहवाल द्या" म्हणणारी कोणतीही संस्था त्या अपवादांत बसत नाही.

फीवरून आठवलं. काही ठिकाणी संस्था खर्च उचलायला तयार असतात आणि तिथेच घोळ होतो. बिलावर नाव आलं की खजिनदाराला कळलं, खजिनदाराला कळलं की त्याच्या घरी कळलं. यावर साधा तोडगा आहे: संस्थेने एखाद्या समुपदेशकाशी वर्षाचं बोलून ठेवायचं आणि बिलात फक्त भेटींची संख्या यावी, नावं नकोत. डायसिसमध्ये, म्हणजे बिशपसाहेबांच्या कारभारात, ऐकणारं कुणी असेल तर ही मागणी पाळकांच्या बैठकीत सगळ्यांसाठी म्हणून मांडता येईल. एकट्याने मागितली की ती मागणाऱ्याची केस होते. तोवर पैशाची अडचण असेल तर सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीला जा. रांग असते, पण तपासणी आणि औषधं मिळतात.

आता तुमच्याबद्दल. एवढ्या मोठ्या पत्रात तुम्ही स्वतःवर एकच ओळ लिहिलीत: "मी ठीक आहे, फक्त छातीत धडधडतं." तीही तपासून घ्या, आधी ईसीजी. पाळकीणबाईंचं काम कुणाच्या वहीत नसतं. महिला मंडळ, संडे स्कूल, नाताळचं फराळ, कुणाकडे मयत झाली की डबा, आणि त्यात तुमची शाळेतली नोकरी. पगार एकाचा आणि नेमणूक दोघांची, अशी ही पद्धत आहे. वरून तुमचं घर चर्चचं. यजमानांना काही झालं किंवा त्यांनी सेवा सोडली तर राहतं छप्परही जातं, ही भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण आहे ना? असतेच. ती खोटीही नाही, म्हणून तिच्यावर "देव पुरवील" एवढंच म्हणून थांबू नका. छोटीशी का होईना जागा किंवा ठेव तुमच्या दोघांच्या नावावर असणं हा अविश्वास नव्हे. एखाद्या जाणकाराबरोबर बसून त्याचा हिशोब मांडा. मी हे मन शांत करण्याचा उपाय म्हणूनच सांगते आहे.

तुम्ही वेगळ्या समुपदेशकाकडे जा, यजमानांच्याच नको. एकाच माणसाने दोघांचं वेगवेगळं ऐकलं की त्याला कुठलं कुणी सांगितलं हे सांभाळत बसावं लागतं. दोघांनी मिळून जायचं ते पुढे, ते सावरल्यावर. एक अपवाद: घरात हात उगारला जात असेल तर जोडप्याचं एकत्र समुपदेशन करूच नये. आधी सुरक्षितता. १८१ वर फोन करता येतो, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी मदत करतात. तुमच्या पत्रात तसं काही नाही, पण वाचणाऱ्यांत कुणी असेल.

बोललं तर सेवेला बट्टा लागेल, असं तुम्हाला वाटतं. लक्ष्मीबाई टिळक इथल्याच, जलालपूरच्या. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर कित्येक वर्षांची ताटातूट, पुढे घरात येईल ते वाटून टाकणारा नवरा, त्यांचे रुसवे-भांडणं, हे सगळं त्या बाईंनी हसत-खेळत, पण काहीही न झाकता लिहून ठेवलं. टिळकांचा मान त्याने कमी झाला नाही. तुम्हाला तर छापायचंही नाही, एका बंद खोलीत एका माणसाला सांगायचंय.

मुलाचं. १ तीमथ्य ३ मध्ये अध्यक्षाने, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्याने, आपलं घर नीट चालवावं असं आहे, आणि ते वचन मंडळीने पाळकांच्या पोरांवर छडीसारखं वापरलेलं मी फार पाहिलंय. केस वाढवले तर "पाळकाचा मुलगा असून", नापास झाला तर "पाळकाचा मुलगा असून". सतरा वर्षांच्या मुलाला एवढी माणसं रोज निरखत असतील तर तो आधी घराबाहेरच पळणार. शिवाय तो बापाचं शनिवारचं रडणं आणि रविवारचं हसणं दोन्ही पाहतोय. त्याला त्यातून जे कळतं ते तुमच्याशी बोलण्याची सोय घरात नाही. चर्चचा आग्रह हे वर्ष सोडा. बारावी आहे, तेवढं कारण पुरतं. त्याला सांगा की बाबांना आजार झालाय, त्यावर उपचार चालू आहेत आणि तो तुझ्यामुळे झालेला नाही. हे तिसरं वाक्य मुलं विचारत नाहीत, पण त्याचीच वाट पाहत असतात. तो कुणाशी बोलायला तयार असेल तर त्याचा समुपदेशकही तिसराच. अठराच्या आत असल्याने तुमची संमती लागेल, पण आत काय बोलला हे खोदून विचारायचं नाही, असं तुम्हा दोघांकडून त्याच्यासमोर कबूल करून घ्या.

कामाकडे येते. डॉक्टर विश्रांती सांगतील तेव्हा वैद्यकीय रजा घ्या, रीतसर, दाखल्यासह. दाखल्यावर विश्रांतीची गरज आणि मुदत एवढंच असलं तरी पुरतं, आजाराचं नाव घालू नका अशी विनंती करता येते. कमिटीतला वाद रजेच्या आधी मिटवायच्या भानगडीत पडू नका. तो साहेबांच्या तब्येतीची वाट पाहत थांबलेला नाही आणि ते नसले तरी चालूच राहील. हिशोबाची कागदपत्रं मात्र पोच घेऊन सेक्रेटरींच्या ताब्यात द्या, म्हणजे रजेत फोन येणार नाहीत. परतल्यावर सोमवार सुट्टीचा, आणि तो खरोखरीचा: फोन मंडळीतल्या एका वडिलांकडे (एल्डरांकडे), मयत सोडून काही नाही. कॅथलिक पॅरिश प्रीस्टला वर्षाला महिनाभर सुट्टीची मुभा नियमातच आहे. आपल्याकडे हक्काची रजाही न घेणारे साहेब अभिमानाने तसं सांगतात, आणि मंडळी टाळ्या वाजवते. मला त्या टाळ्यांचा राग येतो. मोशेला त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्याने न्याय करत बसलेलं पाहून काम वाटून द्यायला लावलं होतं, ते निर्गम १८ मध्ये आहे. त्यावर उपदेश भरपूर होतात.

तुमच्या निमित्ताने दोन शब्द इतरांसाठी. सिस्टरांच्या, म्हणजे कॅथलिक संन्यासिनींच्या, हातात बहुधा स्वतःचा पैसा नसतो आणि बाहेर जायला परवानगी लागते, म्हणून त्यांच्यासाठी समुपदेशनाची सोय सुपीरियरला न विचारता वापरता येईल अशी असायला हवी, नाहीतर ती कागदावरच राहते. पेठ, सुरगाणा, कळवणकडे मोटारसायकलवर फिरणारे सुवार्तिक आणि स्वतंत्र मंडळ्यांचे पाळक यांच्या डोक्यावर बिशप नाही, पण पेन्शन, रजा आणि बदलीही नाही. त्यांनी निदान १४४१६ हा नंबर फोनमध्ये ठेवावा.

शेवटी तुमचा तो बारीक प्रश्न: महिला मंडळात विचारतात, काय सांगू? खोटं बोलू नका, सगळं सांगूही नका. "झोपेचा त्रास आहे, डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय, उपचार चालू आहेत." तिन्ही वाक्यं खरी आहेत. पुढे कुणी खोदलंच, तर बाजारात तिळाचा भाव काय झालाय ते विचारा.